अंगठ्याला बांधलेली दोरी

आमच्या शेजारी एक बाई दोन पोरं घेऊन राहते. नवरा फौजेत, सुट्टीला येतो तोही पाहुण्यासारखा. दुपारी कधीही बघावं, तर धाकटा झोळीत, झोळीची दोरी तिच्या पायाच्या अंगठ्याला, थोरली पाठीवर लोंबकळलेली आणि मांडीवर बी.ए.चं पुस्तक. वाचता वाचता दटावते, "निज की रं आता, मम्मीला अभ्यास हाय!" एसटीत पोरं सोबत नसली तरी तिचा पाय हलतच असतो. मी एकदा बोलून दाखवलं. "सवय लागलीया, बाई," एवढंच म्हणाली. हसायचेही कष्ट घेतले नाहीत.

परवा वाईच्या कॉलेजात तिच्याच पेपरला माझी सुपरव्हिजन होती. बाकावर पेन चालत होतं, खाली पाय हलत होता. तासाभराने पाय थांबला. मला बरं वाटलं. म्हटलं, रमली एकदाची. जवळ गेले तर ती उत्तरपत्रिकेवर डोकं टेकून गाढ झोपलेली. उठवायचं जिवावर आलं. तरी खांद्यावर हात ठेवला.

डोळे उघडायच्या आधी तिचा पाय हलायला लागला.

"निज की रं," ती पुटपुटली, "मम्मीचा पेपर हाय."