खात्रीकाकांचा तंबू

छत्र्या दुरुस्त करणाऱ्या काकांना सगळा बाजार खात्रीकाका म्हणतो. त्यांना काहीही सांगा, ते विचारतात, "खात्री काय?" लग्नाआधी काकूंनाही हेच विचारलं होतं म्हणे. काकू म्हणाल्या होत्या, "मला तरी कुठे आहे?"

साहित्याची पदवी घेऊन मी त्यांच्या शेजारी जुनी पुस्तकं विकायला बसले. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी एक कादंबरी उचलली आणि शेवटची पानं जागेवर आहेत का ते पाहिलं. होती. तेव्हापासून आमची मैत्री.

आमचा आठवडी बाजार मोकळ्या मैदानावर भरतो. सकाळी आठला कारकून शिट्टी वाजवून फेरी मारतो. ज्याचं छप्पर उभं, त्याची जागा. छप्पर नसेल तर वहीत फुली. लागोपाठ तीन फुल्या पडल्या की जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या माणसाला. काकांचा फाटकाजवळचा कोपरा बावीस वर्षांचा.

इतकी वर्षं चार बांबू आणि ताडपत्री होती. यंदा काकांचा खांदा आखडला. जावयाने आपला तंबू दिला, डोंगरावर मुक्कामाला नेतात तसला. त्याच्या प्रत्येक भिंतीच्या आणि छताच्या मधोमध एक जाड चकती. तिच्यातून चार काड्या चार कोपऱ्यांना गेलेल्या. चकतीची दोरी बाहेर ओढली की फट् आवाज होतो आणि भिंत ताठ. चारही भिंती झाल्या की आतून छत वर ढकलायचं. पिशवीवर लिहिलं होतं, एका मिनिटात उभा. काकांनी घड्याळ लावलं. पन्नास सेकंद.

"इतक्या लवकर?" ते म्हणाले. "यात काहीतरी गोम आहे."

पहिल्या बाजाराला तंबू आठाच्या ठोक्याला बसला. आधी मागची भिंत आत गेली, मग छत. एक फुली. पुढच्या बाजाराला तसंच. दुसरी फुली.

दोन्ही वेळा तंबूमागे चावीवाला उभा होता. त्याची टपरी मागेच आहे. दोन्ही वेळा काकांनी त्याचा हात भिंतीवर पाहिला. ते ओरडले, तो मागे सरला आणि तंबू बसला.

"यादीत पुढचं नाव कोणाचं आहे, माहीत आहे?" काकांनी मला विचारलं. "त्याच्या सख्ख्या मेव्हण्याचं."

"पण काका, चावीवाला साधा माणूस वाटतो."

"ज्याला कुठलंही कुलूप उघडता येतं, त्याची खात्री काय?"

मला पटलं. मी चावीवाल्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. तो गप्प असला की वाटायचं, बेत आखतोय. हसला की वाटायचं, ठरला.

तिसऱ्या बाजाराच्या आदल्या दुपारी मी काकांच्या घरी गेले. एकच खोली. खिडकीच्या गजांना छत्र्या लटकलेल्या. पलंग आणि कपाट यांच्या मध्ये तंबू पसरलेला. दर बाजाराआधी करायचे तसं काका लांब चोचीच्या डबीतून एकेका चकतीत तेल सोडत होते. डबीतल्या तेलात ते कापूर घालतात. खोलीभर तो वास होता.

"छत्री असो की तंबू," ते म्हणाले, "काडी सुळकन फिरली पाहिजे. आपल्याकडून कसूर नको."

"माझे गुडघे कुरकुरतात, ते नाही कधी ऐकू आले," काकू म्हणाल्या.

इतकी निगा राखणाऱ्या माणसावर असा डाव. मला चीड आली.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तकं मांडली नाहीत. तंबूच्या मागच्या कडेला दबा धरून बसले. आठला चार मिनिटं होती. चावीवाला आला. इकडे तिकडे पाहिलं. खाली वाकला आणि भिंतीवर हात ठेवला.

"काका!" मी ओरडले.

काका धावत आले. त्यांनी त्याचं मनगट पकडून खेचलं. "सापडलास!"

भिंत कुरकुरली. मग सावकाश आत गेली. छताचा एक कोपरा खाली आला.

शिट्टी वाजली. कारकून फाटकातून आत शिरला.

"पुन्हा धरू का नको?" चावीवाला म्हणाला. "लवकर सांगा."

काकांनी मनगट सोडलं नाही.

"अहो, काडी घसरते आत. म्हणून तर खाली कोपरा धरून उभा असतो मी. तुम्ही ओरडता, मी सोडतो, हा बसतो."

"आणि तुझा मेव्हणा?"

"तो इथे आला तर मला गाव सोडावं लागेल. त्यापेक्षा तुमचा त्रास परवडला."

काकांनी त्याचा तळवा उलटा केला. बोटं चकचकत होती. त्यांनी वास घेतला. मलाही आला. कापूर.

मी खाली पाहिलं.

"धर," काका म्हणाले.

चावीवाल्याने दोरी ओढली आणि कोपरा धरला. काकांनी आत शिरून दुखऱ्या खांद्याने छत वर लोटलं आणि तसेच उभे राहिले. कारकून आला. त्याने छप्पर पाहिलं, वहीत बरोबरची खूण केली आणि पुढे गेला.

तंबूच्या पिशवीतला माहितीचा कागद मी पहिल्यांदाच उघडला. वाचून दाखवला. "सांधे कोरडे ठेवावेत. तेल लावू नये."

काका साबणाचं पाणी आणि फडकं घेऊन बसले. पाचही चकत्या पुसल्या. चावीवाल्याकडे गिऱ्हाईक आलं, तेव्हा स्वतः उठून त्याच्या जागी कोपरा धरला.

पुढच्या बाजाराला तंबू कोरडा, ताठ उभा होता. मी म्हटलं, "आता नाही पडायचा."

"खात्री काय?" काका म्हणाले आणि मागे तोंड करून हाक मारली, "अरे, आहेस ना?"