नाक्यावर मामू

मी मेळघाटात वनरक्षक म्हणून रुजू झाले, त्याच उन्हाळ्यात पर्यटकांच्या शेगड्या नाक्यावर अडवायचा आदेश आला. कोळसा भरलेला पातळ पत्र्याचा ट्रे, एकदा वापरायचा नि फेकून द्यायचा. लोक तो वाळल्या गवतावर ठेवून कोंबडी भाजत आणि निखारे तसेच सोडून निघून जात.

एका रविवारी अकोल्याची गाडी थांबली. आत माझे मामू, मामी आणि त्यांचे दोन जावई. अब्बा गेल्यावर मामूंनीच मला शिकवलं. डिकीत तसला एक ट्रे होता. मी तो काढून घेतला.

"काहून बेटा, मामूलेही कायदा?" मामू हसले.

"साऱ्यायलेच हाय, मामू."

जावयांसमोर त्यांचा चेहरा पडला. गाडी घाट चढून गेली.

तासाभरानं दरीच्या अंगाला धूर दिसला. सहकाऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसले, तोवर कळून चुकलं होतं. दुसरा ट्रे सीटखाली असणार; तिथं मी बघितलंच नव्हतं.

गवत पेटून आग वाऱ्यासरशी उतारावर सरकत होती. जावई प्यायच्या पाण्याच्या बाटल्या ओतत होते. मामू अंगातला शर्ट काढून ज्वाळांवर मारत होते. सहकाऱ्यानं पाठीवरचं ब्लोअर सुरू केलं आणि आगीच्या पुढचा पालापाचोळा उडवून जमीन उघडी पाडायला लागला.

"मागं सरा!" मी मामूंवर ओरडले. जन्मात पहिल्यांदा. ते खोकत होते, ऐकत नव्हते. दंडाला धरून त्यांना ओढलं. आग उघड्या पट्ट्यापर्यंत आली, तिथंच घुटमळली नि विझली. मागे सगळा उतार काळा.

मी विचारलं, "कोणी पेटवली?"

धाकटा जावई खाली बघायला लागला. "म्याच," मामू म्हणाले. "लिही माहं नाव."

"घरच्या माणसावर केस करून राहिली तू?" मामी रडत होती.

"तिले लिहू दे," मामू म्हणाले.

मी लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं.

मामी तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. तारखेला मामू एकटेच एसटीनं आले. कोर्टाच्या व्हरांड्यात मी गणवेशात उभी होते. शेजारी येऊन हळूच म्हणाले, "जेवली का?"

"हो," मी म्हटलं. जेवले नव्हते. तेवढ्यात आत पुकारा झाला.