शेवट कोणता

पत्रूभाऊ मडावी आमच्या मागच्या खोलीत राहतात. उमेदीची वर्षं आलापल्लीच्या डेपोत सागाचे लठ्ठे रचण्यात गेली. आता सेंट्रिंगचे मिस्त्री, काँक्रीट ओतायला फळ्यांचे साचे नि टेकू उभारणारे. गावाबाहेर विद्यापीठाचं नवं ग्रंथालय होतंय. त्याला मुद्दामच ना गिलावा, ना रंग. भाऊंनी ठोकलेल्या फळ्यांचे रेषे काँक्रीटवर जसेच्या तसे उमटलेत. शेजारच्या इंदुताई विचारतात, "गिलावा राह्यला का हो?" भाऊ नुसते हसतात.

समोरचा छज्जा वीस फूट पुढे आलाय, खाली खांब नाही. काँक्रीट पक्कं झाल्यावर इंजिनिअर दिव्यानी मॅडमनी मुकादम चंदनला सांगितलं, खालच्या टेकूच्या बल्ल्या शेवटाकडून काढत या, आणि त्या चंद्रपूरला गेल्या. त्यांच्या मनात शेवट म्हणजे छज्ज्याचं टोक. पण बल्ल्या लावताना काम टोकाला सुरू होऊन भिंतीशी संपलं होतं. चंदनच्या लेखी शेवट तिथं.

भाऊ गच्चीवरून उतरले, तोवर भिंतीकडच्या तीन बल्ल्या निघाल्या होत्या. खाली चार बाया लाकडं ओढत होत्या. त्यात भाऊंची बायको मंगलीबाई. भाऊंनी चौथ्या बल्लीला मिठी मारली आणि बायांना बाहेर व्हायला सांगितलं. चंदन चिडला. इंजिनिअर तुमी का मॅडम, म्हणाला.

"फांदी हाय ते," भाऊ म्हणाले. "बुडाचा टेकू काढला आन् शेंड्याचा ठेवला, तं मंधात मोडते."

तिसऱ्या खेपेला फोन लागला. मॅडमनी एवढंच विचारलं, किती काढल्या. मग म्हणाल्या, "परत लावा. आधी माणसं बाहेर घ्या."

आत जायला कोणी पुढं होईना. भाऊ एकटेच गेले. दोन बल्ल्या बसल्या. तिसरी उभी राहीना. छज्जा सूतभर खाली आला होता. भाऊंनी बल्ली आडवी घातली, वाकसानं टोक तासलं, पुन्हा उभी केली. पाचर ठोकताना प्रत्येक ठोक्यानंतर थांबून वर पाहायचे. मंगलीबाई रस्त्यावर पदराचं टोक दातात धरून उभ्या होत्या.

मॅडमनी चार दिवस तपासणी केली, काँक्रीट ठोकून पाहिलं. मग टोकाकडून एकेक बल्ली निघाली. शेवटची भाऊंनी काढली. छज्जा हलला नाही.

भाऊ आजचा दिवस थांब म्हणत होते. मंगलीबाईंनी घमेलं डोक्यावर घेतलं आणि त्या छज्ज्याखालून सरळ पलीकडे गेल्या.