शकुंतलाताईंचा उजवा कान

शकुंतलाताई गजभिये यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्या मला दिसल्याच नाहीत. छत्तीसगड वेगळं होऊन थोडीच वर्षं झाली होती, आणि विजय नगरात कपड्याच्या दुकानावरच्या मजल्यावर जबलपुरातलं एक नवं कॉल सेंटर सुरू व्हायचं होतं. मी मुलाखतीला बसले होते. समोर मालक इंग्रजीत प्रश्न विचारत होते आणि मी जमेल तशी उत्तरं देत होते. तेवढ्यात मागून कुणीतरी अगदी हळू माझं नाव घेतलं. मी वळले. पांढऱ्या सुती साडीतल्या एक बाई भिंतीशी उभ्या होत्या. मालकांकडे बघून त्यांनी नुसती मान हलवली आणि मला नोकरी लागली. माझ्या इंग्रजीचं पुढे कुणी नावही काढलं नाही.

ताई मूळच्या भंडाऱ्याकडच्या कुटुंबातल्या, पण जन्म जबलपूरचा. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. बोर्डावर हाताने जोडायच्या दोऱ्या गेल्या, यंत्रं आली, तेव्हा त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. मालकांनी त्यांना बोलावलं ते आम्हा मुलींना फोनवर बोलायला शिकवण्यासाठी. ताईंनी पहिले काही दिवस आम्हाला एक शब्दही शिकवला नाही. त्या वायरमनच्या मागे लागल्या होत्या. टेलिफोनच्या वायरी विजेच्या वायरींबरोबर एकाच पट्टीत टाकलेल्या त्यांना चालेनात. सगळ्या उपसून दुसऱ्या भिंतीवरून न्यायला लावल्या. मग मागच्या गल्लीत अर्थिंगसाठी खोल खड्डा खणवला, त्यात कोळसा आणि मीठ भरवलं, आणि उन्हाळाभर रोज सकाळी स्वतः तिथे बादलीभर पाणी ओतू लागल्या. खालच्या कपडेवाल्याला वाटलं, ताईंनी काही झाड लावलंय. त्याने विचारलं, "दीदी, यहाँ क्या बोया है?"

"लड़कियों के कान, भैया," ताई म्हणाल्या आणि बादली घेऊन वर आल्या. आम्ही पोटभर हसलो. त्याचा अर्थ तेव्हा आम्हाला कळला नव्हता.

ताईंविषयी आमची एक तक्रारही होती. त्या नेहमी डावी बाजू भिंतीकडे करून बसत आणि कधीकधी हाक मारली तरी ढिम्म राहत. दीदींना मनात आलं तरच ऐकू येतं, असं आम्ही आपसात म्हणत असू. पण माणूस मनाने मोठा. बडा फुहाऱ्याजवळच्या आमच्या घरी वडिलांना ही नोकरी पसंत नव्हती. परक्या लोकांशी दिवसभर बोलायचं म्हणजे काय, हा त्यांचा हेका. ताई एका रविवारी न बोलावता आल्या, चहा घेतला आणि म्हणाल्या, "काहून भिऊन राहिले भाऊ? पोरगी बोलून कमी अन् ऐकून जास्त राहील. ऐकणाऱ्याचं कधी वाईट झालं काय?" वडिलांचा विरोध तिथेच संपला.

मग हेडसेट निवडायची वेळ आली. नमुने आले. आम्हा सगळ्यांना दोन्ही कान झाकणारे मऊ गादीचे आवडले. बाहेरचा गोंगाट बंद होई आणि डोक्यावर राणीचा मुकुट असल्यासारखं वाटे. मालकांनाही तेच हवे होते, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, कारण खाली बाजार होता. ताईंनी मात्र ते बाजूला सारले. त्यांना एकाच कानाचे हवे होते, आणि आवाज ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की तो स्वतःच दाबून टाकणारे. "एक कान गिऱ्हाइकाचा, एक आपला," असं त्या म्हणत. तसे हेडसेट दिल्लीहून यायला वेळ लागणार होता आणि काम देणाऱ्या कंपनीने उद्घाटनाचा दिवस ठरवून टाकला होता. मालक म्हणाले, आहेत त्यांवर सुरू करू, मागाहून बदलू. ताई म्हणाल्या, मग मला मोकळं करा. मालक चिडले. एवढ्याशा गोष्टीसाठी हट्ट कशाला, असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं.

तेव्हा ताईंनी ते सांगितलं. एक्स्चेंजमध्ये असताना दूर कुठेतरी तारेवर वीज पडली होती आणि तिचा कडाका हेडफोनमधून थेट त्यांच्या कानात आला होता. "साहब, मेरा बायाँ कान उसी बोर्ड पर रह गया," त्या म्हणाल्या. "इन बच्चियों का नहीं रहने दूँगी।"

मालकांनी तिथूनच कंपनीला फोन लावला आणि उद्घाटन पुढे ढकललं. त्या भल्या माणसाचा उल्लेख इथे केला नाही तर ताईच माझा कान धरतील. या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यायची सोय ताईंकडे नाही. आत गेलेलं आतच राहतं, हे मला त्या दिवशी समजलं.

पुढच्या वैशाखात एका दुपारी वळीव आला. मी बरगीच्या एका बाईंची तक्रार ऐकत होते. अचानक मोठा कडाका झाला, दिवे गेले, खिडक्या थरथरल्या. वीज आमच्याच लाइनवर आली होती. माझ्या कानात मात्र नुसतं 'टप्' वाजलं, उंबऱ्यावर चिंच पडावी तेवढंच. बाकीचं ताईंच्या हेडसेटने आणि गल्लीतल्या त्या खड्ड्याने गिळलं होतं. ताई उठल्या. चेहरा पांढराफटक पडला होता. त्या आमच्या रांगेमागून चालत आल्या आणि एकेकीच्या मागे उभं राहून, अगदी हळू, तिचं नाव घेऊ लागल्या. आम्ही सगळ्याजणी एकेक करून वळलो. शेवटची मुलगी वळल्यावर ताई खुर्चीत बसल्या आणि पदराने डोळे पुसत राहिल्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. माझ्या आईखेरीज माझ्यासाठी इतकं भ्यालेलं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

आज ताईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. सत्काराला येणाऱ्या सर्वांना माझी विनंती आहे की भाषण लांबवा अथवा आवरा, पण ताईंशी बोलताना त्यांच्या उजव्या बाजूला उभे राहा. मी तिथेच असेन. शाल, श्रीफळ सगळं आटोपलं की मी त्यांच्या मागे जाऊन अगदी हळू त्यांचं नाव घेणार आहे. त्यांनी वळून बघावं. यंदा, पुढच्या वर्षी, आणि शंभरी ओलांडल्यावरही, मी हाक मारीन तेव्हा त्यांनी असंच वळून बघावं.