बुडावरचं नाव

भांडण म्हणाल तं मी मुद्दाम ऐकलं नाही. कळंबच्या बाजारात भांड्याच्या दुकानासमोर कडुनिंबाखाली मी माह्या नव्या कोपरावर, म्हणजे परातीवर, नाव टाकून व्हाची वाट पाहत बसली होती, आन भांडण माह्या डोक्यावरून चाललं होतं. कान झाकाले हात मोकळे नोहते. दोन्ही हातांत वांगे होते.

एकीकडं कुंदाबाई, तहसीलमधल्या दीनानाथबाबूची बायको, महिला मंडळाची अध्यक्ष. दुसरीकडं मारोती, माह्या शेजारणीचा, मथुराचा नवरा. मारोतीचा धंदा भांड्यावर नाव टाकाचा. एक छिन्नी, एक हातोडी आन बसाले पोतं, एवढंच त्याचं दुकान. या गोष्टीले तीस-बत्तीस वर्षं झाली. तिकडं दूर लातूरकडं भूकंप झाला होता, गावंच्या गावं खाली बसली होती, आन मंडळानं तिकडच्या बायांसाठी दीडशावर भांडे जमवले होते. कुंदाबाईचं म्हणणं, ज्यानं दिलं त्याचं नाव हरेक भांड्यावर पाह्यजे. मारोतीचं म्हणणं, नको.

“त्या बाईनं रोज सकाळी उठून तुमचं नाव वाचत भात शिजवाचा का, बाई?”

“आम्ही दिलं ते कळायला नको? मारोती, तू नाव टाकणारा. कुठलं टाकायचं ते सांगणारा नाहीस. आणि बसतोस कुठे? माझ्या भावाच्याच दुकानासमोर ना?”

ती सावली गेली असती तं मारोतीची चूल गेली असती. त्यानं वर निंबाकडं पाह्यलं, मंग विचारलं, “हरेकावर ना?”

“हरेकावर.”

“टाकतो.”

मले वाटलं, हारला बिचारा. त्याले मी वीस वर्षं शेजारी पाहत होती तरी मले असं वाटलं, म्हणजे मी बी काही कमी भोळी नाही.

मंग आठ दिवस आमच्या विहाराच्या अंगणात टक टक टक. येईल ते भांडं मारोती आधी बोटानं वाजवे. गाणं म्हटलं तं ठेवे, खोकललं तं परत. एका मोठ्या घरून गळका गंज, म्हणजे भाताचं पातेलं, आला, तो त्यानं आणणाऱ्याच्याच हाती वापस पाठवला. म्हणे, फुटके तं त्यायच्याकडं आहेतच, हे अजून कायले?

मी बी एक गंज दिला होता. नाव कसं निघालं ते पाहाले गेली, तं बाजूले नावच नाही. मले रागच आला. कुंदाबाईले हसत होती, पण दिल्यावर आपलं नाव कुठं आहे ते पाहाले माह्ये बी पाय चाललेच ना. मारोतीनं गंज उलटा केला. बुडावर लिहिलं होतं, रुक्माबाई, कळंब.

“बुडाले काहून?” मी म्हटलं.

“वयनी, चुलीवर हे किती दिवस दिसन?”

“लय तं चार.”

“झालं मंग.”

दीडशावर भांडे, हरेकावर नाव, सारे बुडाले. आन बाजू कोऱ्या. ट्रक निघाला तं हा छिन्नी-हातोडी घेऊन वरतं जाऊन बसला. मथुरा रस्त्यावरून ओरडली, जागा गेली तं काय खाशीन, छिन्नी? तो म्हणे तिसऱ्या दिवशी येतो. आला बाराव्या दिवशी.

तिकडं काय झालं ते त्यानं आमच्या ओट्यावर बसून सांगतलं. टिनाच्या खोल्यांची रांग, एकच नळ, आन साऱ्यांचे भांडे सारखे. हा माहा, तो तुहा, म्हणून बाया नळावर भांडत. मारोतीनं नळाजवळच पोतं टाकलं. कोऱ्या बाजूवर ज्याचं त्याचं नाव टाकत गेला. घर गेलेला माणूस आपलं नाव उमटताना बोट लावून लावून पाहे, म्हणे.

साऱ्यांच्या शेवटी तानाबाई नावाची एक बाई आली. तिच्या वाट्याले कुंदाबाईचाच गंज आला होता, पितळी, जड, माहेरचा. दान देताना कुंदाबाईनं हात आखडला नोहता, हे बी सांगतलं पाह्यजे. पण तानाबाईनं तो चुलीवर ठेवलाच नोहता. सामायिक पंगतीत जेवे आन गंज कोपऱ्यात. बूड कोणाकडून तरी वाचून घेतलं होतं. परत कराले आली होती.

“दुसऱ्याच्या नावाचं भांडं हाय,” ती म्हणे. “आमच्यात असलं भांडं घरात ठेवत न्हाईत. मागितलं की द्यावं लागतंय.”

मारोतीनं म्हटलं, बाजूले तुमच्या घरचं नाव टाकून देतो.

“कुनाचं टाकता? नाव टाकायला घरात कोनी उरलं न्हाई.”

“तुमचं टाकतो.”

“माजं? माजं तर रेशन कारडावर बी शेवटी हाय.”

सांगता सांगता मारोती थांबला, पाणी प्याला. मी घरात जाऊन माह्ये भांडे पाहून आली. सासऱ्याचं नाव, नवऱ्याचं नाव, लेकाचं नाव. माहं कुठंच नाही. जे होतं ते लातूरकडं गेलं होतं.

मारोतीनं तिचं नाव टाकलं, ठसठशीत. वरून एक थाप बी मारली. म्हणे, आमच्याकडं रीतच आहे, घेणाऱ्याचं नाव बाजूले आन देणाऱ्याचं बुडाले, ते विस्तवाजवळ असलं का चूल लवकर पेटते. अशी रीत ना मी ऐकली ना माह्या आजीनं. तानाबाईनं त्याच संध्याकाळी चूल पेटवली. हा गडी तिथंच थांबला, बूड चांगलं काळं झालेलं पाह्यलं, आन मंग निघाला.

दोन महिन्यांनी मंडळाच्या बाया स्वेटर वाटाले तिकडं गेल्या. कुंदाबाई आपला गंज शोधत शोधत तानाबाईच्या दारात पोचल्या. बाजूले पाहतात तं नाव तानाबाईचं. उलटा करून पाहतात तं काळं ठिक्कर. हात काळे, पदर काळा. तानाबाईनं तीच रीत त्यायले समजावून सांगतली, आन त्याच गंजातली आमटी पुढं ठेवली. संगं गेलेली बाई मले म्हणे, कुंदाबाईनं दोनदा वाढून घेतली.

ही खबर कळंबात त्यायच्या आधी आली. बाजाराच्या दिवशी मारोती पोतं गुंडाळूनच बसला होता. मी बी होती, यावेळी भेंड्या घेऊन. कुंदाबाई आल्या, पिशवीतून एक लहान पातेलं काढलं आन त्याच्यापुढं ठेवलं.

“मारोतराव, यावर कुंदा टाका. नुसतं कुंदा.”

मारोतराव! मी भेंड्या खाली ठेवल्या.

त्यानं मान वर न करता विचारलं, “बुडाले का बाजूले?”

“बाजूला. आमच्याकडे गॅस आहे. बूड काळं होत नाही.”

ते दोघंही हसले नाही. मीच हसली. मारोतीनं पोतं परत पसरलं, ते मंग तीस वर्षं तिथंच राह्यलं. पुढं दुकानात मशीन आली, भर्र केलं का नाव तयार. तरी कळंबच्या बाया त्याच्याकडंच येत. भांडं वापस देताना तो कधी रिकामं देत नसे. मूठभर ज्वारी, नाही तं दोन मिरच्या, काहीतरी टाकेच.

मागच्या साली तुरीच्या शेंगा भरल्या तवा तो गेला, झोपेतच. त्याच्या चार दिवस आधीची गोष्ट. माह्या नातीचं, दीपाचं लग्न ठरलं होतं, तं आंदणातला गंज मी त्याच्याकडं दिला होता. मी म्हटलं होतं, मी येईन न्याले. पण काठी टेकत, गंज काखेत घेऊन, तोच आला. आत ओल्या तुरीच्या शेंगा. बाजूले दीपा. मी शेंगा पदरात ओतल्या, गंज उलटा केला. बुडावर, मी न सांगता, रुक्माबाई.

“हिच्याकडं गॅस आहे, भाऊजी,” मी म्हटलं. “हे तं दिसतच राहीन.”

“राहू द्या,” तो म्हणे, आन पाणी बी न पिता पुढच्या घरी गेला. त्याच्या झोल्यात अजून एक वाटी होती.