एकशे चौसष्ट वह्या आणि दोन दुधी

मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर व्हायला अजून दोनेक वर्षं होती, तेव्हाची ही गोष्ट. बी.ए. झाले होते, टायपिंगच्या परीक्षा दिल्या होत्या, परभणीत तीन महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्सही केला होता, आणि चुडाव्याला घरी बसले होते. त्या तीन महिन्यांतला निम्मा वेळ लाइटच नव्हती. पण प्रमाणपत्रावर तसं कुणी लिहीत नाही.

ते प्रमाणपत्र बघून एका सरांनी मला कामाला बोलावलं. परभणीतल्या एका कॉलेजात त्यांनी जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलं होतं आणि आता ते निवृत्त झाले होते. तीस वर्षं सुट्टी लागली की ते एसटी किंवा पॅसेंजर धरून खेड्यांत जात. शेतातलं तण बघायचं, गावात त्याला काय म्हणतात ते विचारायचं आणि वहीत लिहायचं. अशा एकशे चौसष्ट वह्या झाल्या होत्या. पुण्याच्या पुतण्याने जुना कॉम्प्युटर पाठवला, आणि या सगळ्या वह्या त्या डब्यात भरायच्या असं सरांनी ठरवलं.

पहिल्याच दिवशी काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, चहा देता देता सांगितलं, "तीस वर्षं गवत जमवलं ह्यांनी. घरात एखादी म्हैस असती तर उपयोग तरी झाला असता."

"पोरीला घाबरवू नको," सर म्हणाले. आणि माझ्याकडे वळून, "बसा, संगणकबाई."

तेव्हापासून मी संगणकबाईच झाले.

त्या कॉम्प्युटरला मराठी येत नव्हतं. मराठी वही इंग्रजी अक्षरांत टाइप करावी लागे. एका वहीची एक फाइल, आणि फाइलचं नाव आठ अक्षरांत बसवायचं. गावाचं नाव आणि पुढे वहीचा आकडा द्यायचा हे ठरलं, पण स्पेलिंगचं कुणी ठरवलं नाही. मी वालूर डब्ल्यूने लिहायची, कारण पाट्यांवर तसं पाहिलं होतं. सरांच्या मते व्ही बरोबर. मी घरी गेले की ते एका बोटाने स्वतःही एखादी वही टाइप करून ठेवत. वालूरच्या सात वह्या होत्या. त्यातल्या चार माझ्या वालूरात जाऊन बसल्या आणि तीन सरांच्या. दोन्ही वालूर एकमेकांना ओळखत नव्हते.

"वालूरच्या चार वह्या तुमच्या यंत्राने खाल्ल्या," सरांनी एकदा जाहीर केलं.

मी दोन्ही याद्या पडद्यावर आणून दाखवल्या. सरांनी दोन्हीकडच्या वह्या बोटाने मोजल्या.

"म्हणजे चूक तुमच्या डब्ल्यूची आहे," ते म्हणाले.

शेवटी त्यांच्या तीन फाइलींची नावं मी बदलली. एक आज्ञा, जुनं नाव, नवं नाव आणि बटण. सरांना फार गंमत वाटली. "एवढंच? नाव बदलणं इतकं सोपं असतं?"

"इथं सोपं हाय, सर," माझ्या तोंडून निघून गेलं. "बाहेर त्याच्यापायी आमचे बाबा तेरा दिवस आत बसून आले."

मला वाटलं, गेलं आता काम. सरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

"मी तेव्हा शेतात कुंद्याच्या तणाच्या मुळ्या मोजत होतो," ते हळूच म्हणाले. "तशी नोंदही असेल कुठल्यातरी वहीत." मग त्यांनी आत हाक मारून चहा मागवला. त्या दिवशी बाबांबद्दल त्यांनी इतकं विचारलं की एक ओळही टाइप झाली नाही.

वर्षभरात वह्या संपल्या. फ्लॉप्या काकूंनी शिवलेल्या पिशवीत, तालुक्याप्रमाणे. आता कसं, सगळं एका बोटावर, असं आम्ही दोघंही म्हणत होतो. पण त्या काळात एका वेळी एकाच फाइलमध्ये शोधता यायचं. एखादं तण कुठेकुठे आलंय हे पाहायचं तर एकशे चौसष्ट फाइली एकेक करून उघडा. काकू मात्र पाच मिनिटांत मूळ वही काढून आणत. "ती का? तिच्यावर आमटी सांडली होती," एवढी खूण त्यांना पुरे.

म्हणून मी एक सूची करायला घेतली. तणाचं नाव, गाव, वहीतली खूण, फाइल, पान. तीन महिने तेच केलं. सूची पुरी झाली तशी सरांनी पुण्याच्या एका संशोधक बाईंना आग्रहाने बोलावलं. त्या औषधी वनस्पतींवर काम करत होत्या. त्यांनी सहज विचारलं, "दुधीच्या तणाच्या किती नोंदी आहेत?"

मी ऐटीत शब्द टाकला. एक्केचाळीस नोंदी आल्या. सरांची मान ताठ झाली. बाई वाचायला लागल्या. पहिल्या नोंदीत दुधी जमिनीला चिकटून पसरलेली. दुसरीत वीतभर उंच उभी. तिसरीत म्हटलं होतं, "दुधी, पाटलांच्या मांडवावर. भाजी उत्तम."

काकू पदर तोंडाला लावून आत गेल्या.

बाई शहाण्या होत्या, हसल्या नाहीत. "दिवाळीनंतर परत येते, तोवर जरा वेगळं करून ठेवा," म्हणाल्या.

मी घरी येऊन आईला हे सांगितलं. आई जन्मभर लोकांच्या शेतात खुरपायला गेलेली. तिला आधी माझं कामच पटत नव्हतं. "तनाची यादी कराया पगार देतेत?" असं तिने शेजारणीला विचारून खात्री करून घेतली होती. दुधीचं ऐकून ती म्हणाली, "मला घिऊन चल एकदा. बघते तरी काय लिवलंय गुर्जीनं."

ती आली आणि सवयीने दारापाशी खाली बसायला लागली. सरांनी स्वतःची खुर्ची तिच्यापुढे ओढली. "तुम्ही तपासणार, आम्ही तपासून घेणार. खुर्ची तुमची." आई टोकावर बसली. मी एकेक नोंद वाचायला लागले.

"दुधी. काळ्या रानात. पानं बारीक, जमिनीलगत."

"ती पडकी दुधी. म्होरं."

"दुधी. बांधावर. पानं मोठी, खोडावर लव."

"उभी दुधी. येगळी हाय ती. म्होरं."

अशा दहा-बारा नोंदी झाल्या. मग एक नोंद ऐकून ती थांबली. "ह्याला दुधी न्हाई म्हनत कुनी. हे कुना गड्यानं सांगितलं असंल."

सरांनी मूळ वही काढली. माहिती देणार म्हणून त्या गावच्या सरपंचांचं नाव होतं.

"आन ही बी गड्याचीच," आई पुढच्या नोंदीला म्हणाली. त्या वहीत पोलीस पाटील निघाले. तिसऱ्यांदा देवळाचे पुजारी. सर वही उघडायचे, बघायचे आणि मिटायचे.

"गुर्जी," आई शेवटी म्हणाली, "खुरपायला बाया जात्यात. गडी लोक बांधावर बसून तंबाखू खात्यात. तुमी बांधावरच इचारलं का समदं?"

"बांधावर सावली असते हो," सर म्हणाले, आणि स्वतःच हसायला लागले.

सूचीत मी आणखी एक रकाना घातला. सांगणारी बाई असेल तर इंग्रजी बी, गडी असेल तर जी. दोन हजारांवर नोंदींमध्ये बी फक्त एकशे सात. त्यातल्या साठ काकूंच्या माहेरच्या.

पावसाळा लागताच अडुसष्ट वर्षांचे सर पुन्हा निघाले. चुडाव्याला उतरले ते थेट आईच्या टोळीत, खुरपणीला. वही काढून उभे राहिले तर एक म्हातारी म्हणाली, "हितं नुसतं उभं ऱ्हायचं न्हाई." आणि त्यांच्या हातात खुरपं दिलं. सरही हौसेने बसले. दहा-बारा पावलांचा पट्टा त्यांनी अगदी साफ केला आणि अभिमानाने मागे पाहिलं.

आई जवळ आली. उपटलेला ढीग तिने बोटांनी चाळला.

"गुर्जी, ही ज्वारी हाय."

"कुंदा अगदी असाच दिसतो लहानपणी," सर म्हणाले. ते खोटं नव्हतं. पण बायकांना काय त्याचं? टोळी पोट धरून हसली, आणि शेतमालकाला कळू नये म्हणून दोघींनी तो ढीग बांधापलीकडे टाकून दिला. त्या दिवसापासून बायका सरांना न लाजता नावं सांगायला लागल्या. सरही झाडाखाली न बसता रांगेतून चालत लिहायला लागले. दोन पावसाळ्यांत बी नोंदी एवढ्या वाढल्या की सूची नव्याने लावावी लागली. या वेळी स्पेलिंग आधी कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं. वालूर डब्ल्यूने.

पुण्याच्या बाई दिवाळीनंतर येते म्हणाल्या होत्या, त्या दोन दिवाळ्यांनंतर आल्या. दुधी विचारली. पडकी वेगळी, उभी वेगळी, भाजीची तिसरीकडे. त्यांनी सगळी सूची छापून मागितली. प्रिंटर दिवसभर करकरत होता आणि मधूनमधून कागद वाकडा ओढत होता.

एक प्रत मी घरी नेली. आई म्हणाली, वाच. मी वाचत गेले, तण, गाव, खूण, कुणी सांगितलं. ती ज्वारी निवडत ऐकत होती. एका ठिकाणी तिने एक गाव दुरुस्त केलं. अकरा पानं झाल्यावर तिने हात वर केला.

"बास कर. हे तर समद्या बायांना ठाऊक हाय," ती म्हणाली. "एवढ्यापायी गुर्जीला तीस वर्सं लागली व्हय?"