विहारात सांगितलेली कादंबरी

तुम्ही पाठवलेली कादंबरी वाचली. सोबत तुमचा निरोप होता, "आजी, फार भयंकर आहे, झेपली नाही तर सोडून दे." मुलांनो, मी परळीत आयुष्यभर इंग्रजी शिकवलं आहे. पुस्तक अर्धवट सोडायची सवय मला नाही. उलट, मी ती एकटीने वाचलीच नाही. आमच्या गल्लीतल्या बायकांसोबत वाचली.

त्याचं असं झालं. आपल्या बुद्धविहारात वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे, तीन महिने दुपारी ग्रंथवाचन असतं. मी वाचते, बायका ऐकतात. वाचन झालं की ज्याला शंका असेल त्याने विचारायची. वाचणाऱ्याने ग्रंथात आहे तेवढंच सांगायचं, पदरचं घालायचं नाही. आश्विन पौर्णिमेला खीरदान झालं, ग्रंथ संपला. पण बायकांचे पाय ऐकेनात. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला सगळ्या हजर. मी बाहेरच्या ओट्यावर तुमची कादंबरी घेऊन बसले होते.

"बाई, ते काय वाचताय?" गल्लीतली सगळ्यांत वयस्कर आजी म्हणाली. ती माझ्याहूनही मोठी आहे आणि तिला ऐकायला कमी येतं असं ती फक्त सुनेला सांगते.

"गोष्ट आहे. एका घराची."

"मग सांगा की. एकटीच कावून वाचताय?"

आम्ही आत जाऊन बसलो आणि मी इंग्रजी पान बघून मराठीत सांगू लागले. बायका विहाराच्या सवयीने पांढऱ्या साड्या नेसून आल्या होत्या आणि एकीने मेणबत्तीही लावली. घर परदेशातलं होतं. आई, वडील, दोन मुली. थोरली मुलगी शहरातून घरी परत येते. आईवडील शेजाऱ्यांना सांगतात, तिला बरं नाही. तिला माडीवर ठेवतात. ती आजारी नसते. पण आई रोज तेच सांगते, दुधातून झोपेचं औषध देते, आणि हळूहळू मुलगी खरोखरच आजारी पडते. दुधाचा तो प्रसंग संपवून मी पान मिटलं, आणि ग्रंथाचं वाचन संपलं की म्हणतात तसं सगळ्या बायका एका सुरात म्हणाल्या, "साधु, साधु, साधु!"

मग एकजण फसकन हसली. "अगं, कशाला साधु म्हनताव? त्या बाईनं पोरीला औषध पाजलं!" "तोंडाला सवय लागली ना माय!" दुसरी म्हणाली. त्यावर आजी म्हणाली, "आता उद्यापासून पुस्तक बघून साधु म्हना."

हसली नाही ती एकच. आमच्या गल्लीच्या टोकाला राहते, नवरा औष्णिक वीज केंद्रात कंत्राटी कामावर आहे. तिची मुलगी उन्हाळ्यात सासरहून आली ती परत गेली नव्हती. "बरं न्हाई तिला," असं ही सगळ्यांना सांगायची. आम्हीही "हो का" म्हणायचो. मुलगी दारात दिसत नव्हती, नवऱ्याचे राखेने माखलेले कपडे धुऊन वाळत घालायलाही आईच यायची.

गोष्ट तिच्या घराशी जुळतेय हे सांगताना मला कळत होतं. तुम्ही विचाराल, मग थांबली का नाहीस? गोष्ट मी तिच्यासाठी निवडली नव्हती, आणि तिच्यासाठी बदलणारही नव्हते. जे वाचायला घेतलं ते आहे तसं पुरं करायचं. मला वाटलं ती यायची थांबेल. पण ती रोज आली, आणि रोज एक चटई पुढे बसली.

कादंबरीचा शेवट तुम्हाला माहीत आहे. माणसं येतात, माडीचं दार उघडतात, पण थोरली बाहेर येत नाही. उठते आणि आतून कडी लावते. मी तसंच सांगितलं. बायकांना शेवट मुळीच आवडला नाही.

"शेजारी मेले व्हते का त्यांचे? इतके दिस कुनी इचारलं न्हाई?"

"तिकडं कुनी कुनाच्या घरात जात न्हाई."

मग ती टोकाच्या घरातली बोलली. "बाई, एक शंका हाय. त्या आईनं आधी कुनाला सांगाया पायजे व्हतं?"

"पुस्तकात ती कुणालाच सांगत नाही," मी म्हणाले.

"ते कळलं. मी तुमाला इचारतेय."

मी तोंड उघडायच्या आधी आजी म्हणाली, "मला सांग. मी काय मेलेय का?"

मुलीच्या आईने पदर सारखा केला. "माझी पोर आजारी न्हाई. तिला नांदायचं न्हाई. हात उचलायचा तो. आल्या दिशीच तिनं सांगितलं मला."

"मग कोंडलीस कावून?"

"लोक काय म्हनतील?"

"लोक म्हंजे आमीच की," आजी म्हणाली. "हे काय, बसलोय सगळे. इचार आमाला, काय म्हनताव ते."

एकीने फक्त तिच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला.

दुसऱ्या दिवशी वाचायला काही नव्हतं, तरी बायका आल्या. ती आली, आणि मागे तिची मुलगी. मुलगी उंबऱ्याजवळच बसली. सासरबद्दल कुणी काही विचारलं नाही. मग तीच म्हणाली, "मॅडम, त्या पुस्तकाचा शेवट काय झाला? आई सांगतच न्हाई."

मी सांगितला. एक शब्द मऊ केला नाही.

तिने ऐकून घेतलं. "बाहेर येऊन बोलायचं काय, तेच सुचलं नसंल तिला."

"न बोलता बी येता येतं," आजी म्हणाली. "तू आलीस की. सरक पुढं, उजेड अडतोय."

ती सरकली.

कादंबरी चांगली आहे. लिहिणाऱ्याला घर कळतं. पण त्या घराला गल्ली नाही, आणि मला भयंकर वाटलं असेल तर तेवढंच.

विहारातून आम्ही बरोबरच निघालो. कोपऱ्यावर दळण घेऊन येणाऱ्या एका बाईने मायलेकींना पाहिलं आणि विचारलं, "बरी हाय का आता पोर?"

आई थांबली. मुलीने तिच्याकडे पाहिलं.

"बरीच व्हती ती," आई म्हणाली. "इथंच ऱ्हानार हाय आता."